पायडलवरची चप्पल

माझा उजवा पाय पोलिओने गेला तेव्हा मी चालायलाही शिकले नव्हते. त्यामुळे धड पाय कसा असतो ते मला ठाऊकच नाही आणि नसलेल्या गोष्टीचं दुःखही मी कधी केलं नाही. संताप मात्र खूप केला. तो पायावर नव्हता, माणसांवर होता. मी समोर बसलेली असताना आईला "हिला चहा द्यायचा का?" असं विचारणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. अरे, मला विचार ना! तोंड मलाही आहे.

आमची वस्ती राहात्यापासून आत, पाटाच्या कडेला, पेरूच्या बागांमध्ये होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तालुक्याच्या एका कार्यक्रमात मला हाताने फिरवायची तीनचाकी मिळाली. हार घातला, फोटो काढला, भाषणं झाली. ती टेम्पोतून वस्तीवर आणली तेव्हा कळलं की पाटाकडेची वाट तिच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा अरुंद आहे. देणाऱ्यांपैकी एकजणही कधी आमच्या वाटेने आला नव्हता. ती बागेच्या कडेला उभी राहिली आणि उन्हाळ्यात आई तिच्यावर कुरडया वाळत घालू लागली. माझ्या वाट्याला आलेल्या सरकारी दयेचा तेवढाच उपयोग झाला.

बारावीनंतर मला शेजारच्या गावात दूध केंद्रावर काम मिळालं. लोक दूध आणत, मी त्याचा नमुना घेऊन मशीनवर फॅट लावायची, म्हणजे दुधातली चरबी मोजायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. काम बसून करायचं होतं आणि मला ते येत होतं. अडचण फक्त तिथे पोचण्याची होती. वडील आधीच गेलेले. थोरला भाऊ, दादा, मला त्याच्या एम-एटीवर सोडायचा. सोडायचा म्हणजे काय, उपकार करायचा. गाडी चालू करून हॉर्न वाजवत बसायचा, मी गुडघ्यावर हात दाबत दाबत येईपर्यंत उसासे टाकायचा. कधी मित्र भेटला की गप्पा, कधी टपरीवर चहा. मी मागच्या सीटवर पोत्यासारखी. केंद्रावर उशीर झाला की बोलणी मला. तिथल्या चेअरमनने एकदा सगळ्यांसमोर सुनावलं, "येळेवर यायचं जमत नसंल तर माझी पुतनी घरीच बसलीय. तिला बसवतो."

मी त्याच दिवशी ठरवलं की आपली आपण जायचं.

घरात वडिलांची जुनी सायकल होती. ती घेऊन मी राहात्याच्या स्टँडजवळच्या सायकलवाल्याकडे गेले. हा माणूस तालुक्यात सगळ्यात खवट म्हणून प्रसिद्ध होता, आणि मी काही कमी नव्हते. त्याने आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग सायकलकडे, मग म्हणाला, "पोरी, देवानं दिलं न्हाई ते मी काय देनार?"

"देवाचं मी बघते. तुम्ही सायकलचं बघा, मामा."

त्याला राग आला आणि रागाच्या भरात त्याने काम घेतलं. उजवं पायडल काढून टाकलं. उजवा पाय नुसता ठेवायला खालच्या पाइपला एक लोखंडी पट्टी वेल्डिंग केली. राहिला डावा पाय. तो पायडल खाली दाबू शकत होता, पण खाली गेलेलं पायडल परत वर आणणार कोण? दुसऱ्या बाजूला दाबायला पायच नाही. म्हणून त्याने डाव्या पायडलला जाड चामड्याचा पट्टा बसवला आणि माझं पाऊल त्यात आवळून बांधलं. दाबायचं आणि ओढायचं, दोन्ही त्याच पायाने. दुकानापुढून मी झोकात निघाले. चाललं की! रस्ता पार करून, वळून परत आले. मग थांबायची वेळ आली.

थांबायचं म्हणजे पाय टेकायचा. टेकायचा तो डावाच, कारण उजव्यावर माझा भार येत नाही. आणि डावा तर बांधलेला. मी सायकलसकट तिथेच आडवी झाले. सगळं स्टँड हसलं. सायकलवालाही हसला, आणि मग "पट्टा जरा ढिला करतो" म्हणून त्याने तो ढिला केला आणि मी पुन्हा पडले. दोघांनाही एवढी साधी गोष्ट आधी सुचली नव्हती, की एकाच पायाला चालवायचंही आहे आणि उभंही राहायचं आहे.

दुसऱ्यांदा पडल्यावर माझं डोकं फिरलं. कोपर सोललं होतं, ओढणी ग्रीसने काळी झाली होती. मी ओरडले, "पट्टा कशाला लावता? सरळ चप्पलच ठोका त्या पायडलवर, म्हणजे पाय तरी सुटंल!"

मी ते चिडून बोलले होते. पण त्याने ते मनावर घेतलं. मग माझ्याच पायातली डावी चप्पल काढून घेतली, ती पायडलवर ठेवून पाहिली, दोन भोकं पाडली आणि नट-बोल्टने आवळून टाकली. मागून पाऊल आत सरकवायचं, वर ओढताना चपलेचा पट्टा पायाला धरून ठेवतो, आणि थांबताना पाय मागे काढून टेकायचा. फ्रीव्हीलही त्याने जाम करून टाकलं, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल आपोआप वर येत राहील. उतारावर पाय थांबवायची सोय नाही, ब्रेकवर भरवसा ठेवायचा. "पडलीस तर माझ्याकडं यायचं न्हाई," असं बजावून त्याने मला हाकललं. आभार मानायचा प्रश्नच नव्हता, त्याने संधीच दिली नाही. एका पायात चप्पल आणि एक सायकलला, अशी मी घरी आले.

त्यानंतर मी केंद्रावर कधी उशिरा पोचले नाही. घराच्या ओट्याला सायकल टेकवून बसायचं, उजव्या हाताने भिंतीला रेटा द्यायचा की निघाले. वाटेत पोरं चिडवायची, बायका पदराआड हसायच्या. हसा म्हटलं. मला कोणाच्या हॉर्नची वाट बघावी लागत नव्हती. ते सुख काय असतं ते धडधाकट माणसांना कळायचं नाही.

दादाला मात्र ते खुपायला लागलं. वास्तविक त्याची रोजची कटकट गेली होती, त्याने पेढे वाटायला हवे होते. तर तो म्हणायचा, "लोक मला नावं ठेवत्यात. बहिनीला सोडायला जात न्हाई म्हनत्यात." मी म्हणायची, "सोडत होतास तेव्हा कुठे आरती करत होते तुझी?" मग तो आठ आठ दिवस बोलायचा नाही, आणि मला त्याने काही फरक पडायचा नाही.

त्याच सुमारास त्याचं लग्नाचं बघणं सुरू झालं. कोपरगावकडचं एक स्थळ जवळपास जमत आलं होतं. पाहुणे दोनदा येऊन गेले, पण दोन्ही वेळा मी केंद्रावर असताना. मी आईला विचारलंही, की हे नेमके दुधाच्या वेळेलाच कसे येतात? आई म्हणाली, "त्यांची सोय." मला ते खरं वाटलं.

मग दसरा आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे सगळी अवजारं आणि गाड्या धुऊन मांडतात. कोयते, कुदळी, औषध मारायचा पंप, पाने, पकड, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. एकदा पूजा मांडली की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. पण गाई-म्हशींना दसरा कळत नाही, त्यामुळे दूध केंद्राला सुट्टी नसते.

दसऱ्याच्या पहाटे मी सायकलपाशी गेले. तिला हार घातला होता, हँडलला कुंकू लावलं होतं, आणि डाव्या पायडलवर काही नव्हतं. नुसतं लोखंड.

"पूजंला चप्पल कशी चालंल?" आई म्हणाली. "लक्ष्मी हाय ती. दादानं काढली. दसरा झाला की बसवंल."

"चप्पल कुठाय?"

"त्यालाच ठावं. त्यो राहात्याला फुलं आनायला गेलाय. आणि पान्याला हात लावू नकोस, पूजंत हाय."

चप्पलच नाही तर पाना काय चुलीत घालायचा? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. देवाला माझ्या चपलेचा विटाळ झाला, आणि देवाने दिलेल्या पायाचं काय? नुसत्या पायडलवर पाय ठेवून पाहिला. घसरला, आणि जाम केलेलं पायडल फिरून असं नडगीवर बसलं की रक्त आलं, डोळ्यांपुढे तारे चमकले. मला उशीर व्हायची चेअरमन वाटच बघत होता. शेवटी मी ओढणी काढली, डावं पाऊल पायडलला करकचून बांधलं आणि भिंतीला रेटा दिला. आई मागून हाका मारत होती. मी थांबले नाही. थांबता येणारच नव्हतं.

पाटाच्या वाटेने मी जितक्या शिव्या दिल्या तितक्या आयुष्यात दिल्या नाहीत. केंद्र दिसलं तसा एकच विचार होता, पडायचं कुठे. दारात रिकामे कॅन ओळीने ठेवले होते. मी सरळ त्यांच्यात घुसले. मोठा आवाज झाला. रांगेतली माणसं किटल्या सावरत मागे सरली, पण एकानेही पुढे येऊन सायकल धरली नाही. मी कॅनमध्ये आडवी, पाय पायडलला बांधलेला, गाठ ओढून ओढून घट्ट झालेली, आणि माझा हात तिथवर पोचेना.

चेअरमन दारात आला. "तू कशाला आली? काल तुझा भाऊच सांगून गेला की दसऱ्यापासून ती येनार न्हाई."

तेव्हा मला समजलं. पूजा नव्हती, लक्ष्मी नव्हती. चप्पल त्याने मुद्दाम काढून नेली होती.

चेअरमनच्या मागून त्याची पुतणी बाहेर आली. नवी साडी नेसलेली, केसांत झेंडू. मला वाटलं, आता ही पण हसणार. ती खाली बसली, साडी चिखलात गेली तरी बसली, आणि दातांनी ती गाठ सोडवली. मला उठवताना हळूच म्हणाली, "ताई, मला हे मशीन येत न्हाई. मला कुनी इचारलंबी न्हाई. चुलत्यानं बस म्हनलं, बसले."  आत जाऊन माझ्या खुर्चीत बसले आणि पहिली किटली ओढली. चेअरमनने मला उठवलं नाही, कारण टँकर यायची वेळ झाली होती आणि फॅट लावायला दुसरं कोणी नव्हतं.

परतताना सायकल हाताने ढकलत आले. तिच्यावर भार टाकत, लंगडत. घरी पोचेपर्यंत दुपार टळत आली होती. ओट्यावर सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर कोपरगावचे पाहुणे बसलेले. मुलीचा बाप आणि चुलता. दसऱ्याचा दिवस बघून सुपारी फोडायला आले होते. ही काही दुधाची वेळ नव्हती, म्हणून दादाचा हिशेब असणार की चप्पल आणि नोकरी गेली की मी आतल्या खोलीत रडत बसेन, ओट्यावर येणार नाही.

मला बघून त्याचा चेहरा उतरला. आई पटकन उठली आणि मला मागच्या दाराने यायची खूण केली. मी कशाला जाऊ मागून? मी सायकल ओट्याला टेकवली, ओढणीवरचं रक्त झाकलं नाही, आणि म्हणाले, "दादा, संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली. माझी चप्पल बसव."

"नंतर," तो म्हणाला.

"आत्ता."

"अगं, हत्यारं पूजंत हायत," आई म्हणाली.

"असू देत. त्यानं काल काढली तेव्हा पाना वापरलाच होता."

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझा आवाज माहीत होता. आणखी एक वाक्य मी मोठ्याने बोलले असते तर केंद्रावरचं सगळं पाहुण्यांपुढे निघालं असतं, हे त्याला कळलं. तो उठला, एम-एटीच्या डिकीतून चप्पल काढली, पूजेतला पाना उचलला आणि सायकलपाशी उकिडवा बसला.

मुलीचा बाप इतका वेळ आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. भला माणूस दिसत होता. त्याने विचारलं, "पावनं, ही कोन? तुमी तर म्हनला हुता एकुलता एक हाय, मागं-पुढं कुनी न्हाई."

 आईने मान खाली घातली, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. दोनदा पाहुणे आले, दोनदा चहा-पोहे झाले, आणि दोन्ही वेळा माझ्या आईच्या देखत मी या घरात नव्हतेच. मी रोज त्याच ओट्यावरून सायकलला रेटा देऊन जात होते. इतका राग मला पायाचाही कधी आला नाही आणि त्या तीनचाकीचाही नाही. जिभेवर खूप काही होतं. पण ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

दादा बोल्ट आवळत होता. मान वर न करता, पायडलला सांगावं तसं पुटपुटला, "धाकटी बहीन हाय."

"मोठ्यानं सांग," मी म्हणाले. "पाहुण्यांना ऐकू गेलं नाही."

त्याने सांगितलं. मी चपलेत पाय घातला आणि संध्याकाळच्या दुधाला निघाले.