बावीस दिवस फावडं

साल २०२३. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीतच सुटली, पण शुक्रवार पेठेतल्या आमच्या तालमीत मला वस्ताद म्हणतात आणि तिथं माझा शब्द शेवटचा. नव्या गड्यानं आठ दिवस फावड्यानं आखाड्याची माती उकरायची, तिच्यात ताक, हळद, तेल मिसळायचं, मगच त्याला लढायला जोड द्यायची, हा माझा नेम.

त्या वर्षी आफ्रिकेतनं कॉलेजला आलेला एक उंच गडी तालमीत आला. आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा. त्यांच्याकडं वाळूत कुस्ती खेळतात म्हणे. मी त्याला फावडं दिलं. आठ दिवस झाले, दहा झाले, मी काही त्याला जोड दिली नाही. पोरं आपसांत म्हणायची, "ह्येच्याशी कोण लागणार? रंग लागंल की अंगाला!" आणि खिदळायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

त्याच्या मागनं सांगोल्याच्या एका मेंढपाळाचा पोरगा आला. नवव्या दिवशी मी त्याला जोड दिली. आफ्रिकेचा गडी फावड्यावर हात टेकून नुसता बघत राहिला. संध्याकाळी त्यानं फावडं धुतलं, भिंतीला उभं केलं.

"वस्ताद, कल से मैं नहीं आऊँगा."

"नको येऊ," मी म्हणालो. कुणाला अडवायचं माझ्या स्वभावात नाही.

जेवताना बायकोला सांगितलं, "चिवट गडी होता. बावीस दिवस माती उकरली, हूं का चूं न्हाय."

भाकरी थापता थापता ती थांबली. "अहो, नेम तर आठाचा हाय की तुमचा?"

"त्येच्याशी लागणार कोण? पोरं तयार न्हाईत."

"तालमीत शब्द कुणाचा चालतो? तुमचा का पोरांचा?"

रंगाचं माझ्या मनात काही नाही, असं मी धरून चाललो होतो. पण पोरांना दोन शब्द सुनावण्यापेक्षा त्याच्या हातात फावडं ठेवणं मला सोपं गेलं होतं. आणि म्हणे वस्ताद!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीची कडी वाजवली. "चल, चूक मेरी थी," म्हणालो. तालमीत फावडं मी घेतलं, त्याला हात लावू दिला नाही. माती उकरून झाल्यावर शर्ट काढला, मूठभर माती त्याच्या पाठीला चोळली. "पहिली जोड माझी."

त्यानं सलामी दिली, मला कमरेला धरून उचललं आणि अंडं ठेवावं तसं अलगद खाली ठेवलं. पोरं खो खो हसली.

"पाय घसरला," मी म्हणालो. "आणि रंग कुटं लागला असंल तर या, दाखवा मला."

मी सांगोल्याच्या पोराला हाक मारली, "आता तू लाग ह्येच्याशी," आणि दोघांना जागा करून देत बाजूला सरकलो.