गाण्याचा शेंडा

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात आमच्या साडभाऊंइतका संशयी माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. माणसांवर मात्र त्यांचा संशय नाही हो. दूधवाल्याने निम्मं पाणी घातलं तरी "म्हशीनंच जास्ती पेलं असंन जी" म्हणून मोकळे होतील. संशय सगळा गाण्यांवर. कुणी पेनड्राइव्ह दिला आणि वर "एकदम लॉसलेस हाये काकाजी, मुळातलं काईच गळलं नाई" असं सांगितलं, की यांच्या कपाळाला आठी पडलीच. गाणं ऐकायचं सोडून हा माणूस ते आधी लॅपटॉपवर बघतो. होय, बघतो! एक फुकटचा प्रोग्राम आहे, तो गाण्याचं चित्र काढून देतो. खाली ढोलकीचे जाड आवाज, आणि वर वर जावं तसे टाळ-घुंगरांचे बारीक आवाज. गाणं दाबून लहान करताना पहिली कुऱ्हाड चालते ती या वरच्या बारीक आवाजांवर. मग ते कितीही मोठ्या फायलीत भरा आणि लॉसलेस म्हणून मिरवा, छाटलेलं ते छाटलेलंच.

सारी हयात एका आरागिरणीत सागवान चिरण्यात गेली, त्यामुळे गाण्यातही त्यांना झाडच दिसतं. मूल गावातल्या त्यांच्या घरी गेलं की चहाच्या आधी लॅपटॉप समोर येतो. "हे पाय गुरुजी, हे खरं जंगल. शेंडे कसे वर-खाली हायेत. अन् हे पाय, सारे एका उंचीचे. हे रोपवन हाये, रोपवन! कोनं तरी वरून करवत फिरवली." मी राजुऱ्याचा शाळामास्तर, पोरांच्या वह्या तपासता तपासता डोक्याचे केस गेले, पण अशी तपासणी बापजन्मात पाहिली नव्हती. चहा मात्र तोवर निवून पार पाणी झालेला असायचा आणि तोही मीच करून घ्यायचा, कारण बाई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, गेल्यापासून ते एकटेच राहतात.

माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी वरात अडवली. नवरदेव घोड्यावर, पोरं अंगात आल्यासारखी नाचताहेत, आणि साडभाऊ बगलेत लॅपटॉप मारून थेट डीजेच्या गाडीवर! "बंद कर बाप्पा हे. याचा शेंडाच गायब हाये." डीजेवाल्याने हात जोडले. "काकाजी, नाचनाऱ्यायले शेंडा लागते काऊन?" "नाचनाऱ्यायले नसन लागत. पन गानाऱ्याचं काय? त्यानं तं गायलं होतं ना ते!" घोडा बिथरला, नवरदेव त्याहून बिथरला, माझा भाऊ माझ्याकडे असा बघत होता जसं काही मीच साडभाऊंना पोटाशी धरून वाढवलंय. शेवटी जिलेबी गरम आहे तोवर चला, असं सांगून त्यांना खाली उतरवलं. गाणी विकणाऱ्या कुठल्याशा परदेशी वेबसाइटलाही त्यांनी तक्रार धाडली होती, चक्क मराठीत, की तुमच्या मालाला वरून आरा मारलेला आहे. तिकडून यंत्राने आपोआप आभाराचं पत्र पाठवलं. साडभाऊंनी ते छापून भिंतीवर चिकटवलं. "चूक कबूल केली त्यायनं," आल्यागेल्याला सांगायचे.

खरं सांगतो, मी वैतागलो होतो. गेल्या उन्हाळ्यात ठरवलं, यांची एकदा जिरवायचीच. लॅपटॉपचं तोंड माझ्याकडे फिरवलं आणि एकच गाणं दोनदा लावलं, एकदा अख्खं, एकदा छाटलेलं. "आता न पाहता सांगा, अस्सल कोनतं?" साडभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लाव म्हणाले, पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाले, "दोनी सारखेच वाटून राह्यले." मी टाळी पिटून हसलो. "अहो, मंग तुमालेच फरक कळत नाई तर साऱ्या गावाले ताप कायले?"

ते चिडले नाहीत. लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेत म्हणाले, "मले कुठी ऐकू येते गुरुजी? आऱ्यानं कान खाल्ले असतीन माहे. वरचं बारीक काईच येत नाई. म्हनून तं पाहून घेतो."

माझं हसू जागच्या जागी वाळलं. मग त्यांनीच सगळं सांगितलं. बाईंचा गळा असा, की आसपासच्या कुठल्याही गावात लग्नाची हळद दळायची असली की जात्यावर बसायला पहिलं बोलावणं त्यांना. आमच्या लग्नात त्या गायल्या, ती गाणी साडभाऊंनी टेपरेकॉर्डरवर घेतली होती. बाई गेल्यावर ती कॅसेट त्यांनी एका दुकानात मोबाइलमध्ये भरून घ्यायला दिली. दुकानदाराने गाणी दिली आणि कॅसेटची फीत तुटली म्हणून ती फेकून दिली. घरी येऊन ऐकतात तर आवाज बाईंचाच. पण जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला त्यांच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या, त्या कुठेच नाहीत.

"मले वाटलं, कान गेले आपले. मंग भाच्यानं चित्र काढून देल्लं, तं वरचं सारंच छाटलेलं. तवापासून कळूनच नाई राह्यलं गुरुजी, मी बहिरा का गानं खोटं. का बांगड्या कॅसेटात आल्याच नोत्या, मलेच उगाच वाटे?"

हे विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला माझ्या टाळीची एवढी लाज वाटली की राजुऱ्यापर्यंत बसमध्ये मी खिडकीबाहेरच बघत राहिलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. शोभा उठली, पेटी उघडली आणि लग्नाच्या शालूच्या घडीतून एक कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. "बाईनं लग्नानंतर देल्ली होती, भाऊजीले न सांगता. खरी ते मले देल्ली, नक्कल सोताजवळ ठेवली."

"मंग इतके वर्षं सांगितलं काऊन नाई?"

"लावा म्हनले असते तुमी सारे. बाईचा आवाज मी ऐकू शकली असती काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही दोघं मूलला गेलो.

साडभाऊंच्या हातांनी आयुष्यभर सागाचे ओंडके फिरवले, पण ती एवढीशी कॅसेट काही त्यांना टेपमध्ये नीट बसवता येईना. दोनदा खटका चुकला. मग जात्याची घरघर सुरू झाली आणि बाई गायला लागल्या. शोभाने पदर तोंडाशी धरला. साडभाऊ मात्र टेपची वायर जोडलेल्या लॅपटॉपकडे बघत होते. खाली जात्याचा जाड पट्टा, मध्ये बाईंचा आवाज, आणि पार वर, कॅसेटच्या धुरकट खरखरीत, बारीक उभ्या रेषा. एक आली. जातं फिरलं, दुसरी आली. बांधीत ओळीने रोवलेल्या धानासारख्या त्या येत राहिल्या.

"शोभा," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "आता वाजल्या काय वं?"

"वाजल्या, भाऊजी."

"अन् आता?"

"आता बी."

ते प्रत्येक रेषेवर बोट ठेवत गेले आणि ती रडत रडत हो म्हणत गेली. गाणं संपेपर्यंत एकही रेष चुकली नाही.

"मंग मी बहिराच हावो," साडभाऊ म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर बाई गेल्यापासून पाहिला नव्हता. "मी बहिरा हावो गुरुजी! बांगड्या हायेत!"

हल्ली त्यांनी गाणी तपासणं सोडून दिलंय. मीच कधी मुद्दाम एखादं छाटलेलं गाणं पाठवतो, एकदम लॉसलेस आहे म्हणून. "असंन जी," म्हणतात आणि विषय संपतो. आता त्या रोपवनाची, त्या थंडगार चहाची मलाच आठवण येते, काय करता! फोन ते करतात तो शोभाला. "येऊन जाय वं एकदा, ऐकून सांग." जिला बहिणीचा आवाज ऐकवत नव्हता ती माझी बायको दर रविवारी मूलची बस धरते, त्यांच्या शेजारी बसते, आणि त्यांचं बोट रेषेवर आलं की सांगते, "वाजल्या, भाऊजी."