फेजकाकांचा डावा हात

फेजकाका चालू विजेच्या कामाला एकच हात लावायचे, उजवा. डावा खिशात. दोन्ही हात लावले आणि शॉक बसला तर करंट छातीतून आरपार जातो, हे त्यांनी आम्हा चाळीतल्या मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. लालबागला आमच्या चाळीत जिन्याला लागून त्यांची खोली. गिरणी होती तोवर ते तिथे इलेक्ट्रिक खात्यात होते, ती बंद पडल्यावर घरोघरी वायरिंग करू लागले. कुठल्याही बोर्डासमोर उभे राहिले की पहिला प्रश्न, "फेज खंय?" फेज म्हणजे जिवंत तार; त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

बोर्ड उघडण्याआधी ते वास घ्यायचे. फळीजवळ नाक न्यायचं, डोळे मिटायचे, मग पेचकस. "वास पयलो येता. धूर मागसून," असं म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावर एका साखरपुड्याला जेवायला निघाले होते, ते जिन्यातच थांबले आणि वर येऊन मेन स्विच पाडला. पंखे बंद, पाहुणे घामाघूम, मुलीचे वडील चिडलेले. काकांनी भिंतीवरची पट्टी उचकटून दाखवली. आतली वायर हातभर कोळसा झाली होती. मग काका पानावर जाऊन बसले.

त्यांचा तिसरा नेम बायकांसाठी होता. घरात गीझर, मिक्सर काहीही बसवलं की घरातल्या बाईला बोलावून डोळे मिटायला लावायचे आणि तसाच हात स्विचपर्यंत न्यायला सांगायचे. नवरे हसायचे. काका म्हणायचे, "चालू कोण पण करता. बंद कोण करतलो, ता सांग."

लग्नानंतर मी परळला राहायला आले, तरी विजेचं काम निघालं की काकांनाच बोलवायचं हे ठरलेलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने, विलासने, जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि तिच्यात दोन बाकं, ओटा, छोटा फ्रिज बसवून तिचं फिरतं घर केलं. गाडीच्या इंजिनाची बॅटरी वेगळी. दिवे, पंखा आणि फ्रिज यांच्यासाठी दुसरी, घरची बॅटरी. ती घरच्या विजेवर भरून घ्यायला चार्जर बसवायचा होता. मी काकांना फोन केला. सत्तरी ओलांडलेले काका टेस्टर वरच्या खिशात लावून बसने आले.

विलासला चार्जर बाकाखाली गोधड्यांच्या खणात हवा होता, म्हणजे जागा वाचते. काकांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "जावयबापू, तुम्ही गोधडी पांघरून भट्टीशेजारी झोपता काय?" गोधड्या बाहेर आल्या. चार्जर एकटा खणात गेला, खणाच्या फळीला हवेसाठी भोकं पडली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लागला. तो लांब लावला तर मधली वायर कोणाच्या भरवशावर सोडायची, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येक जोड आवळला की ते वायर ओढून बघत. शेवटी मला बाकावर झोपवून, डोळे मिटून, स्विचपर्यंत हात न्यायला लावला. तीन वेळा.

त्या दिवशी काम करताना ते मला सारखे विचारत होते, "वास येता काय गो?" पहिल्यांदा वाटलं, सवय. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी ओट्याखालच्या खणात डबे लावत होते. सुक्या जवळ्याच्या डब्याचं झाकण सैल होतं म्हणून उघडून पुन्हा लावलं. डबा त्यांच्या तोंडाशी होता. जवळ्याच्या वासावर दोन जिने चढून येणारा हा माणूस, त्याने मान वर केली नाही.

मी सरळ विचारलं. त्यांनी पेचकस खाली ठेवला. साथीच्या दुसऱ्या वर्षी ताप आला होता, तेव्हापासून वास गेला तो परत आलाच नाही. ना उदबत्तीचा, ना जळल्याचा. "कोणाक सांगू नको, बाय. हात अजून चांगले आसत."

मी सांगितलं नाही. हात खरंच चांगले होते, आणि आमचं काम अर्धं झालं होतं. दोन्ही कारणं लिहिते, कारण दोन्ही खरी होती.

महिन्याभराने दसरा आला. गिरणीत दसऱ्याला यंत्रं बंद ठेवून पूजा व्हायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. काकांनी तो नेम सोडला नव्हता. वर्षभरात केलेल्या प्रत्येक मोठ्या कामाला ते दसऱ्याला हार घालून यायचे. आमच्याकडे दुपारी आले. गाडी इमारतीच्या आवारात चार्जिंगला लावलेली होती. त्यांनी चार्जर बंद केला, कुंकू लावलं, पाणी शिंपडलेला झेंडूचा जाड हार भोकांच्या फळीवरून आत चार्जरवर सोडला आणि समोरच्या बाकावर, खणाकडे पाठ करून, बसले. मी वर श्रीखंड-पुरी वाढायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गुहागरला निघणार होतो. विलास फ्रिजमध्ये सामान ठेवायला आला, चार्जर बंद दिसला, त्याने चालू केला आणि निघून गेला. काकांची पाठ त्याच्याकडे होती.

मी ताट घेऊन गाडीच्या दाराशी आले तेव्हा वास आला. भाजलेल्या फुलांचा, आणि त्याच्या आत प्लास्टिकचा. काका त्या खणापासून हातभर अंतरावर मांडी घालून निवांत बसले होते, हारातून गळलेलं एक फूल बोटांनी सारखं करत. खणाच्या भोकांतून धुराची बारीक रेघ त्यांच्या कानामागून वर जात होती. मी ताट टाकलं. डोळ्यांत धूर गेला, ते मिटले, आणि हात आपोआप स्विचपर्यंत गेला.

काकांनी खण बघितला नाही. माझं तोंड बघितलं.

"येता?"

"येतो, काका."

हाराखालची फुलं काळी पडली होती, पाणी चार्जरमध्ये उतरलं होतं. विलास धावत आला आणि स्वतःला दोष देऊ लागला. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. घरी हत्यारं पूजेला मांडली आहेत, ती आता उद्याही उचलायची नाहीत, एवढं म्हणून ते गेले.

आम्ही गुहागरला गेलो नाही. आठवड्याने काका एक वही घेऊन आले. ताप आल्यापासून केलेली सगळी कामं तीत लिहिलेली होती, एकोणीस घरं. म्हणाले, "तू नाक, मी हात." सुट्टीच्या दिवशी आम्ही निघायचो. शिवडी, दादर, माहीम. ते बोर्ड उघडायचे, डावा हात खिशात. मी वास घ्यायचे. लोकांना वाटायचं, काकांनी मदतनीस ठेवली. त्यांच्या नजरेची मला फार धास्ती वाटे. मी श्वास घेतला की ते माझ्याकडे असे बघत, जसं काही मी निकाल वाचणार आहे. दोन ठिकाणी वास आला. एक दादरला, पाळण्यामागच्या भिंतीत.

अठरा घरं झाली. एकोणिसावं गिरगावात, खोताच्या वाडीत. लाकडी घर, कुलूप. मालक परदेशात, आत इन्व्हर्टर आणि बॅटरी भरायला लावलेली. काकांनी खिडकीच्या फटीतून बराच वेळ बघितलं. आत एक हिरवा दिवा लागलेला होता. खिडकीशी वाकलेले ते सरळ होताना त्यांना माझा आधार घ्यावा लागला, आणि कामावर असताना त्यांनी डावा हात बाहेर काढलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो थरथरत होता.

फेब्रुवारीत काका गेले, झोपेत. वही त्यांच्या सुनेने मला आणून दिली.

गिरगावच्या त्या मालकाला मी सगळं लिहिलं, तापाचं, वासाचं, हाराचंसुद्धा. शेजाऱ्यांकडून तरी मेन पाडून घ्या, असंही लिहिलं. लगेच उत्तर आलं: मेन पाडायची गरज नाही, फेजकाकांनी स्वतः केलेलं काम आहे, काळजी नसावी, मे महिन्यात येतोच आहोत.

तो मे गेला, ते आले नाहीत. शेजारच्या बाई मला आता ओळखतात, त्यांच्याकडे माझा नंबर आहे. दर पंधरवड्याने मी जाते, दाराच्या फटीला नाक लावते, डावा हात खिशात घालून. दिवा लागलेला असतो. अजून तरी वास आलेला नाही.