फोनवरचा उखाणा
फोन लावला की आधी एक बाई सायबर चोरांपासून सावध राहायला सांगते, आणि मला बाळापूरजवळच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. चुलीवर मिरच्या भाजल्याचा ठसका घरभर होता. कापसाचे पैसे नुकतेच ह्यांच्या खात्यात जमा झाले होते. फोन वाजला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मौसी, बँक से बोल रहा हूँ. कार्ड बंद हो जाएगा, नंबर बताओ." मी घाबरून डब्यातलं कार्ड काढलं. "खाता किसके नाम पर है?" त्यानं विचारलं. "आमच्या घरच्यायच्या." "उनका नाम?" आता आली पंचाईत. लग्नापासून ह्यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलेलं. तो घाई करू लागला, तेव्हा पदर सावरून मी सुरू केलं, "भाकरीसंगं ठेचा वाढते ताजा ताजा..." तेवढ्यात हे वावरातून आले. "कोनाले उखाना ऐकवून राहिली वं?" "बँकेचा साहेब हाय. कार्डाचा नंबर मांगून राहिला, पन आधी तुमचं नाव पायजे म्हनते." ह्यांनी फोन हिसकावला आणि दोन शब्द सुनावले, तसा तो कट झाला. "अवं, चोर व्हता थो!" म्हणाले, आणि ओसरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "तुह्या लाजेनं कापूस वाचला!" आता हे नाहीत. परवा खातं माझ्या नावावर करताना बँकेतल्या मॅडमनी ह्यांचं नाव विचारलं. मी उखाणा न घेता सरळ सांगून टाकलं, आणि उगाचच दाराकडं पाहिलं.