परबकाकांची जुडी

गुणाजी परबांनी बांधलेल्या वायरी बघितल्या की आम्हा इंजिनिअरांना आमची लाज वाटायची. आमच्या वायरी म्हणजे ताटात सांडलेल्या शेवया. परबकाका मेण लावलेल्या दोऱ्याने सगळ्यांची एकच घट्ट जुडी करायचे. बोटभर अंतरावर गाठ, एकही वाकडी नाही. गिरणीत वायरमन असताना उस्तादाने लावलेली सवय. संपात गिरणी गेली, सवय राहिली. इकडेतिकडे टेंपररी राबून पन्नाशीला आलेला हा माणूस १९८६ साली अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात लागला. आता कायम झाल्याचं पत्र मिळायचं होतं. घाटकोपरला त्यांच्या घरी सुगंधाकाकूंनी त्यासाठी सत्यनारायणाची तारीखसुद्धा धरून ठेवली होती.

आम्ही लोकल गाड्यांचे सिग्नल चालवणारी यंत्रणा बनवत होतो. सगळ्या लाइनीला मिळून एकच मोठा कॉम्प्युटर ठेवायचा नाही. प्रत्येक स्टेशनाने आपलं आपण सांभाळायचं, आणि तिथेही तीन छोटे कॉम्प्युटर. एक बिघडला तर उरलेले दोघे काम चालू ठेवणार. टेबलावर एका स्टेशनाचा नमुना मांडला होता, सिग्नल म्हणून छोटे दिवे लावलेला. गुरुवारी तो बघायला रेल्वेचे मोठे साहेब येणार होते. वायरींचा नकाशा माझा होता, बांधणी काकांची.

बुधवारी डबा खाताना काकांनी विचारलं, "बाय, तीन कित्याक? एक चांगलो घेतलो तर भागूचा नाय?"

"एक मेला तरी दोघे असतात, काका. तिघे एकदम मरत नाहीत."

त्यांचा घास हातातच राहिला. "तिघांच्यो वायरी मिया एकाच जुडीत बांधल्यो गो."

एका उंदराने ती जुडी कुरतडली की तिन्ही कॉम्प्युटर गप्प! मी धावत जाऊन नकाशा काढला. तीन रेघा शेजारी शेजारी ओढलेल्या, आणि त्या वेगळ्या वाटांनी न्या असं कुठेच लिहिलेलं नाही. काकांनी नकाशाबरहुकूम काम केलं होतं. चूक माझी होती.

आम्ही दोघं मालकांकडे, चंद्रप्रकाश साहेबांकडे गेलो. बोलले काकाच. मालक उसळले, "उद्या एकेक कॉम्प्युटर बंद करून दाखवायचाय, बस. वायरींना कोण हात लावतोय? नंतर बघू." नकाशाचं मी काही बोलले नाही. मलाही नोकरी हवी होती.

गुरुवारी सकाळी काकांचा चेहरा पार उतरलेला. "नंतर कोण बघता, बाय? एकदा पास झाला की अशीच जुडी प्रत्येक स्टेशनात जातली."

अकराला रेल्वेचे साहेब आले. मी एक कॉम्प्युटर बंद केला; दिवे जसेच्या तसे. साहेब खूश. मग त्यांची नजर जुडीवर गेली. "वा! काय सफाई आहे! सगळीकडे अशीच बांधणी करा. कोणाचं काम हे?"

मालकांनी काकांना पुढे ढकललं. एवढ्या मोठ्या माणसाने त्यांचं कौतुक पहिल्यांदाच केलं असेल. काकांनी जुडीवरून एकदा बोट फिरवलं आणि खिशातून कटर काढला.

"साहेब, हे चुकलंय," म्हणाले, आणि जुडी कापली.

तिन्ही कॉम्प्युटर एकदम गेले. कॉम्प्युटर गप्प झाले की गाड्या थांबाव्यात म्हणून ठेवलेल्या सोयीप्रमाणे टेबलावरचा प्रत्येक सिग्नल लाल झाला.

"एकत्र बांधायला कोणी सांगितलं होतं तुला?" मालक ओरडले.

काकांनी माझ्याकडे बघितलं. नकाशा माझ्याच हातात होता. "कोणी नाय. माझी सवय."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

साहेबांनी यंत्रणा नाकारली नाही. वायरी तीन वाटांनी नेऊन पुन्हा दाखवा म्हणाले. नवा नकाशा मीच काढायला घेतला. काकांना पत्र मिळालं नाही. सोमवारपासून येऊ नका, एवढाच निरोप मिळाला.

शनिवारी ते आपली हत्यारं न्यायला आले, तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबले. तीन रेघा तीन बाजूंनी गेलेल्या बघून म्हणाले, "आता झकास झाला."

मला त्यांच्याकडे बघवेना. "काकू काय म्हणाल्या?"

"काय म्हणतली? सत्यनारायण करतली. तारीख धरलेली आसा, मोडूची कित्याक? तू पण ये प्रसादाक."

येते म्हणाले. पूजेच्या रविवारी मी मुलुंडला घरीच बसून राहिले.