अस्वलांचा यजमान

पारसच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला तेव्हा मी सोनगीरच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांना पाणी नेऊन देत होतो. "भाऊ, हे गेले हो..." एवढंच त्या म्हणाल्या. थोड्याच दिवसांपूर्वी मी पारसला भेटून आलो होतो. छातीचं दुखणं अंगावर काढत होता, तरी धापा टाकत मला त्याच्या लॉजच्या मचाणावर घेऊन गेला आणि समोरच्या बोरी दाखवायला लागला. फांद्या हिरव्या बोरांनी वाकल्या होत्या. "यंदा बोरं बरी येथीन. त्या बी येथीन, देखजो," म्हणाला. त्या म्हणजे अस्वलं. आधी डॉक्टरकडे जा, म्हणून मी त्याच्यावर चिडलो होतो. आता बोरं पिकली आहेत, आणि ज्याच्यावर चिडावं तो नाही.

पारसच्या वडिलांचं सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. घरात मारवाडी बोलणारा हा गडी माझ्याशी मात्र अशी अहिराणी बोलायचा, की परक्याला आमच्यातला पाटील कोण आणि जैन कोण ते ओळखू येऊ नये. पुढे त्याने जळगावला दुकान थाटलं, चांगलं चालवलं आणि पन्नाशी उलटल्यावर ते पुतण्याच्या, विनीतच्या, हाती देऊन चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन घेतली. तिथे त्याला लॉज काढायचं होतं, अस्वलं पाहायला येणाऱ्यांसाठी. मी म्हटलं, लोक सुट्टीत वाघ बघायला जातात, तुझ्याकडे कोण येणार? "वाघले बठ्ठा इचारतस. अस्वलले कोन इचारस?" जळगाव जिल्ह्यात लॉज, आणि स्वयंपाकघरात ना वांग्याचं भरीत ना कांदा. मी तर त्याचं दिवाळं निघणार हे धरूनच चाललो होतो.

पहिल्या हिवाळ्यात उलटंच झालं. पारसच्या घरी रोज सकाळी कबुतरांना ज्वारी टाकल्याशिवाय कुणी चहा घेत नसे. प्राण्याला खाऊ घालणं म्हणजे पुण्य, हे त्याच्या हाडीमासी होतं. तेच त्याने अस्वलाला लावलं. मचाणासमोरच्या सपाट खडकावर रोज दिवस कलताना तो गूळ आणि फुटाणे ठेवू लागला. झालं, एक भलंमोठं नर अस्वल रोज हजर. पुण्या-नाशिकचे पाहुणे खूष, फोटोंचा पाऊस, खोल्या भरलेल्या. पारस तर घरी जावई आल्यासारखा मिरवत होता.

मग एका पहाटे त्याच अस्वलाने शेजारच्या पाड्यावर झुनाबाईच्या घराची कुडाची भिंत फोडली आणि आतला गुळाचा डबा ओढून नेला. खाटेवर तिची म्हातारी सासू झोपलेली होती, थोडक्यात वाचली. पारस धावत गेला. झुनाबाई रागावली नाही. नुसती म्हणाली, "शेठ, तो आधी कधी घराकडे येत नव्हता." माणसाजवळ गूळ असतो हे त्या जनावराला शिकवलं कुणी, ते पारसला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. भिंत त्याने स्वतः बांधायला घेतली, ती इतकी वाकडी झाली की गवंड्याने हसत हसत पाडून पुन्हा बांधली. गूळ त्या दिवसापासून बंद.

बंद करणं सोपं होतं असं वाटेल, पण नव्हतं. अस्वल येतच राहिलं. खडक हुंगायचं, चाटायचं, बराच वेळ बसून राहायचं आणि मग पाय ओढत निघून जायचं. पारस हे सगळं मचाणावरून पाहायचा. अडचण अशी, की पारस सूर्यास्तानंतर जेवत नसे, आणि अस्वल यायचं नेमकं त्या सुमारास. ते काही खाऊन गेलं का ते पाहिल्याशिवाय याच्या घशाखाली घास उतरेना, आणि पाहीपर्यंत सूर्य बुडालेला. म्हणजे संध्याकाळी दोघेही उपाशी! वहिनींनी मला बोलावून घेतलं, तेव्हा त्याचे गाल बसले होते. मी तोंड सोडलं, "अरे, तुनं डोकं ठिकानवर शे का?" तर म्हणतो कसा, "तो दारवरथून उपाशी गया. मी जेवू कसा?" मला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी वहिनींनी दिवस असतानाच ताट आणून त्याच्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "त्याला त्याचं जंगल आहे. तुम्हाला मी आहे. जेवा." तो जेवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण जेवला.

लॉजचा नियम तिथून सुरू झाला. पाहुणा कुणीही असो, दिवस मावळायच्या आत जेवायचं, चूल विझवायची आणि मग मचाणावर गप्प बसायचं. सुट्टीवर आलेली माणसं कुरकुरायची, पण भांड्यांचा आवाज थांबला, फोडणीचा वास गेला, की झाडी जवळ सरकल्यासारखी वाटायची. मोर यायचे, रानडुकरं यायची. अस्वल मात्र येईना. तो नर कुठे निघून गेला कोण जाणे. तो हंगाम तसाच गेला. पाहुणे तोंड वाकडं करून परतले, इंटरनेटवर कुणीतरी 'अस्वल नसलेलं अस्वलांचं लॉज' असं लिहिलं, आणि खोल्या ओस पडल्या. पारसने काय करावं? शेत नांगरणं बंद केलं. वारुळांना हात लावू दिला नाही. बोरी, जांभळं, मोहाची झाडं जशी वाढतील तशी वाढू दिली. येईल त्या एखाद्या पाहुण्याला तो मोहाच्या सालीवरचे नखांचे ओरखडे कौतुकाने दाखवायचा. मी म्हणायचो, थोडा गूळ ठेव, कुणाला कळतंय? तो झुनाबाईच्या पाड्याकडे बोट दाखवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात, मोह गळत असताना मी तिथेच होतो. संध्याकाळी झाडीतून एक मादी आली, पाठीवर पिल्लू. खडकाकडे न बघता सरळ वारुळाशी गेली, माती उकरली आणि तोंड खुपसून वाळवी ओढायला लागली... रसवंतीत पोरं ग्लासातला शेवटचा रस ओढतात ना, तस्साच आवाज. पारसने माझा हात असा दाबला की बोटं दुखली. "बिगर आवतननी उनी रे..." तो कुजबुजला. न बोलावता आली होती ती. त्याला इतकं सुखी मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर अस्वलं येत राहिली, कधी दिसायची, कधी नाही. पाहुणेही पुन्हा येऊ लागले, आणि अस्वल न दिसता गेलेले दुसऱ्यांदा आले याचा पारसला जास्त अभिमान होता. मग तो गेला. वहिनींनी ठरवून टाकलं, नाशिकचं एक कुटुंब आधीच ठरलं आहे, तेवढं करायचं आणि कुलूप लावायचं. "यांच्याशिवाय मी कुणासाठी बसू तिथे?" असं म्हणाल्या. मी सोबतीला गेलो. विनीतही आला होता. पोरगा मनाने चांगला, पण दुकानदार. "काकू, शेवटचं गिऱ्हाईक रिकामं कसं पाठवायचं? थोडासा गूळ ठेवू," म्हणाला. वहिनी त्याला नाही म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

पाहुणे दिवसाउजेडी दालबाटी जेवले. चूल विझली. आम्ही सगळे मचाणावर जाऊन बसलो. उन्हं बोरींवरून उतरली, गार वारा सुटला, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. पाहुण्यांची मुलगी पेंगायला लागली. विनीतने माझ्याकडे 'बघा, मी म्हणत होतो' अशा नजरेने पाहिलं. तेवढ्यात पाचोळा वाजला. आधी काळं नाक, मग छातीवरची पांढुरकी चंद्रकोरीसारखी खूण, मग सगळं अस्वल. मागच्या पायांवर उभं राहून त्याने फांदी खाली ओढली आणि मनसोक्त बोरं खाल्ली. आमच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. आमच्याकडून त्याला काही नकोच होतं. पोटभर खाऊन, अंग झाडून, ते आल्या वाटेने निघालं.

अस्वल परत फिरलं की पारस जागचा उठून हात जोडायचा, पाहुण्याला दारापर्यंत पोचवल्यासारखा. आम्ही त्याची थट्टा करायचो. त्या संध्याकाळी वहिनी उठल्या. पदर सावरून त्यांनी हात जोडले, आणि पाठमोऱ्या जाणाऱ्या त्या काळ्या आकाराला हळूच म्हणाल्या, "येत जा. मी आहे इथे."