मुलाविरुद्ध साक्ष दिलेली आई

जमिनीच्या दाव्याच्या तारखेला कोल्हापूरच्या कोर्टात गेलो होतो. बाकावर शेजारी शाहूवाडीकडची एक म्हातारी बसली होती. तिच्या मुलानं बायकोचा खून केला होता आणि हिनं मुलाविरुद्ध साक्ष दिली होती. आज शिक्षा सुनावणार होते. बाहेर पोलिसांची गाडी वाजली की ती उठून उभी राहायची, परत बसायची.

"पावणं, फाशी कवा देत्यात वो?" तिनं विचारलं.

"खून दुर्मिळातला दुर्मिळ असला तरच. नाहीतर जन्मठेप."

"दुर्मिळ म्हंजे?"

"क्वचितच घडणारा."

ती म्हणाली, "माझी सून काय रोज मरत हुती व्हय?"

तेवढ्यात पुकारा झाला. तिच्यामागोमाग मीही आत गेलो. न्यायाधीशांनी जन्मठेप सुनावली.

"वाचलं पोरगं!" तिच्या तोंडून निघून गेलं आणि लगेच तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पलीकडं उभ्या असलेल्या सुनेच्या बापानं ते ऐकलं होतं.

बाहेर आल्यावर तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मुलाच्या आईनं मुलीच्या बापाच्या पाया पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं पाय मागं घेतले नाहीत, पण तिला उठवलंही नाही.